एकसारखे उंदीर, अर्धं उत्तर

प्रयोगशाळेतला उंदीर म्हटलं की पांढरा, लाल डोळ्यांचा प्राणी आठवतो. प्रत्यक्षात सर्वाधिक वापरला जाणारा उंदीर काळा असतो. त्याला संशोधक ‘ब्लॅक सिक्स’ म्हणतात. क्लॅरेन्स कुक लिटल यांनी १९२१ मध्ये हा वंश सुरू केला. भावाबहिणींचा संकर किमान वीस पिढ्या होत राहिला की सगळी पिल्लं जनुकांनी जुळ्यांसारखी होतात. २००२ मध्ये उंदराचा जनुकसंच प्रसिद्ध झाला, तोही याच वंशाचा.

गैरसमज : उंदीर जितके एकसारखे, तितका प्रयोग भरवशाचा.

यात तथ्य आहे, पण अर्धंच. एकसारख्या उंदरांमध्ये जो फरक दिसतो तो औषधाचा, हे खात्रीनं सांगता येतं. मात्र एकाच माणसाला शंभर वेळा विचारून गावाचं मत ठरवावं, तसं ते होतं. इबोलाचं पाहा. उंदरांसाठी जुळवून घेतलेल्या विषाणूनं नेहमीचे उंदीर मरत, पण माणसांत दिसणारा रक्तस्राव त्यांच्यात होत नसे. म्हणून या आजारासाठी उंदीर निरुपयोगी, असं मानलं जाई. २०१४ मध्ये अमेरिकी संशोधकांनी तोच विषाणू वेगवेगळ्या जनुकीय वंशांच्या उंदरांना टोचला. काही थोडे रोडावले आणि बरे झाले, काही रक्तस्राव न होता मेले, तर काहींचं रक्त गोठेनासं होऊन आतल्या आत रक्तस्राव झाला. रक्तवाहिन्यांच्या अस्तराशी निगडित ‘टेक’ या जनुकाकडे बोट दाखवता आलं, ते या फरकामुळेच.

गैरसमज : असे ‘विविध’ उंदीर म्हणजे गटारातून पकडून आणलेले.

नाही. त्यांची वंशावळ काटेकोर ठेवलेली असते. मूळ वंश आठ. त्यांत न्यूझीलंडचा लठ्ठ उंदीर आहे, टाइप-१ मधुमेह होणारा जपानी वंश आहे. थायलंडच्या रानटी उंदरांपासून तयार झालेलाही एक आहे आणि त्याची उपप्रजाती भारतातही आढळते. या आठांच्या संकरातून दोन प्रकार निघाले. ‘कोलॅबोरेटिव्ह क्रॉस’मधला प्रत्येक वंश आतून एकसारखा, पण शेजारच्या वंशापेक्षा वेगळा, त्यामुळे तोच प्रयोग पुन्हा करता येतो. ‘डायव्हर्सिटी आउटब्रेड’ ही वसाहत जॅक्सन लॅबोरेटरीनं २००९ मध्ये अमेरिकेतल्या मेन राज्यात उभी केली. तिच्यातला प्रत्येक उंदीर एकमेव असतो. आठ वंशांमधले जनुकीय फरक चार कोटींहून अधिक आहेत.

गैरसमज : व्यसन हा निव्वळ मनाचा कमकुवतपणा.

जनुकांतल्या फरकांचा प्रश्न व्यसनातही येतो. उंदराला संस्कार नसतात आणि वाईट संगतही नसते. तरी १९५९ मध्ये मॅक्लर्न आणि रॉजर्स यांनी पाणी व दारू शेजारी ठेवली, तेव्हा ब्लॅक सिक्सच्या कुळातले उंदीर आपणहून दारू प्यायले, तर ‘डीबीए’ वंशाच्या उंदरांनी ती टाळली.

म्हणून ‘व्यसनाचं जनुक’ सापडलं असा मथळा कुणी दिला, तर तो दुसऱ्या टोकाचा गैरसमज. २०१३ मध्ये ब्लॅक सिक्सच्याच दोन शाखांची कोकेनला मिळणारी प्रतिक्रिया वेगळी असल्याचं दिसलं आणि ‘सायफिप-२’ जनुकातला एक बदल त्यामागे निघाला. (एकसारखेपणाची ही गत!) पण प्रतिक्रिया कमी-जास्त होणं वेगळं आणि व्यसन लागणं वेगळं. आउटब्रेड उंदरांवरचा २०१५ चा अभ्यास मला म्हणूनच अधिक बोलका वाटतो. त्यात उंदराला आपणहून शिरेवाटे कोकेन घेता येत होतं. नव्या जागेत गेल्यावर जे अधिक हुंदडत, कानाकोपरे धुंडाळत, त्यांचा कल कोकेनकडे जास्त दिसला. असा स्वभाव अनेक जनुकांच्या मेळातून घडतो आणि तो शोधायला शेकडो वेगवेगळे उंदीर लागतात. काम खर्चिक, पण त्याला जवळची वाट नाही.

गैरसमज : उंदरात दिसलं ते माणसाला तसंच लागू.

उंदराला कर्ज, बेकारी, लग्नातला आग्रह यांपैकी काही नसतं. उंदरात जनुक सापडलं, तरी माणसांच्या जनुकीय माहितीशी ते ताडून पाहावंच लागतं. तरीही विविधतेचा ठोस उपयोग विषारी द्रव्यांबाबत दिसला आहे. पेट्रोलमध्ये असणारं बेंझिन अस्थिमज्जेतल्या पेशींना इजा करतं. २०१५ मध्ये आउटब्रेड उंदरांना त्याची वाफ दिली, तेव्हा काहींना भारी मात्रेतही फारशी इजा झाली नाही, तर काहींना बरीच झाली. या उंदरांवरून काढलेली इजेची किमान पातळी, पूर्वी एकाच प्रकारच्या उंदरांवरून काढलेल्या पातळीच्या सुमारे एक दशांश निघाली.