ज्याच्यावर वॉरंट काढलं, त्यालाच पुन्हा काम दिलं!

जुन्या इमारतींचा नाद असेल, तर गॉटफ्रीड झेम्पर हे नाव माहीत हवंच.

१८०३ साली हॅम्बुर्गमध्ये जन्म. तिशीतच ड्रेस्डेनच्या कला अकादमीत प्राध्यापक. १८४१ मध्ये त्याने तिथे राजदरबाराचं ऑपेरागृह उभारलं आणि त्याचं नाव झालं.

मे १८४९ मध्ये राजाविरुद्ध उठाव झाला. हा दरबारी माणूस चक्क बंडखोरांना सामील! संगीतकार रिचर्ड वाग्नरही त्याच बाजूला. रस्ते अडवायची मोर्चेबंदी झेम्परने जातीने आखून दिली. उठाव चिरडला गेला, वॉरंट निघालं आणि स्वारी परागंदा झाली. आधी पॅरिस, मग लंडन. १८५५ पासून झुरिच. तिथल्या पॉलिटेक्निकची, म्हणजे आजच्या ईटीएचची, मुख्य इमारत त्याचीच.

१८६९ मध्ये ड्रेस्डेनचं ऑपेरागृह आगीत खाक झालं. लोकांनी हट्ट धरला, नवं बांधायचं तर झेम्परनेच! आराखडे त्याने केले, बांधकामावर देखरेख मुलाने, मॅनफ्रेडने ठेवली. १८७८ मध्ये ते खुलं झालं.

आत गेलात तर रंगमंचाच्या वरचं घड्याळ बघा. त्याला काटेच नाहीत. एका चौकटीत रोमन अंकांत तास, दुसरीत मिनिटं. आकडा दर ५ मिनिटांनी बदलतो.

व्हिएन्नातली समोरासमोरची जुळी संग्रहालयं आणि बुर्गथिएटर हेही त्याचंच, कार्ल हासेनाउअरच्या जोडीने. ती पूर्ण व्हायच्या आधीच, १८७९ मध्ये, रोममध्ये तो गेला.

व्हिएन्नाला कोणी जाऊन आलं असेल, तर फोटो टाका!