बुद्धी एक की अनेक? विद्याशाखेची निवड आणि भिलाईचे उदाहरण

भिलाई : छत्तीसगडमधील भिलाई हे पोलादाचे आणि अभियांत्रिकीचे शहर. सोव्हिएत सहकार्याने उभारलेल्या येथील कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाली. २००५ मध्ये स्वामी विवेकानंद तांत्रिक विद्यापीठ आणि २०१६ मध्ये आयआयटी स्थापन झाली. अशा शहरात बारावीनंतर कोणती शाखा घ्यायची, हे पुष्कळदा घरातच ठरते. त्या शाखेविषयी विद्यार्थ्याला स्वतःला काय वाटते, हा प्रश्न प्रवेशानंतर उभा राहतो.

हार्वर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ मध्ये बहुविध बुद्धिमत्तेचा सिद्धांत मांडला. बुद्ध्यंकाच्या एका आकड्यात माणूस मावत नाही, असे सांगत त्यांनी भाषिक, तार्किक-गणिती, सांगीतिक, अवकाशीय, शारीरिक, आंतरवैयक्तिक आणि आत्मभानाची अशा सात बुद्धिमत्ता मानल्या. निसर्गविषयक बुद्धिमत्तेची भर पुढे पडली.

प्रवेशपरीक्षा यांपैकी मोजक्याच तपासतात. ‘जेईई मेन’मध्ये चित्रकलेची कसोटी वास्तुरचनेच्या उमेदवारांसाठी असते, यंत्र अभियांत्रिकीसाठी नाही. वास्तविक यंत्राचा भाग मनातल्या मनात फिरवून पाहणे त्यांनाही चुकत नाही.

भिलाईजवळच्या गनियारी गावच्या पंडवानी गायिका तीजनबाई यांना औपचारिक शिक्षण मिळाले नाही. महाभारताच्या कथा आजोबांकडून ऐकून त्यांना मुखोद्गत झाल्या. स्त्रियांनी बसूनच गावे, हा प्रघात मोडून त्या उभ्याने गाऊ लागल्या. हातातील तंबुरा क्षणात भीमाची गदा होई. भिलाईच्या पोलाद कारखान्यात त्यांनी नोकरीही केली. २०१९ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. शब्द, स्वर आणि देह यांचा असा मेळ कोणत्या प्रश्नपत्रिकेने मोजावा?

तरीही सिद्धांत जपून वापरावा लागतो. या बुद्धिमत्ता परस्परांपासून स्वतंत्र असल्याचा भक्कम पुरावा नाही, असा अनेक मानसशास्त्रज्ञांचा आक्षेप आहे. शिवाय विद्यार्थ्यांची अभिवृत्ती आणि बुद्धिमत्ता बहुधा त्यांनीच भरलेल्या प्रश्नावलीतून मोजली जाते. विषय आवडणारा विद्यार्थी स्वतःला त्यात हुशार समजतो. त्यामुळे क्षमतेतून आवड निर्माण झाली की आवडीतून आत्मविश्वास, हे अशा आकड्यांवरून ठरत नाही. अध्यापक, वसतिगृहातील सोबत आणि नोकरीची शाश्वती यांचाही अभिवृत्तीवर परिणाम होतो. विद्यार्थ्यावर ‘दृश्य’ किंवा ‘श्राव्य’ असा शिक्का मारण्याची पद्धत तर गार्डनर यांनाही मान्य नाही. बुद्धिमत्ता आणि अध्ययनशैली या भिन्न गोष्टी असल्याचे त्यांनी स्पष्ट केले आहे.