‘इकडे सगळं मस्त’ म्हणजे नक्की कसं?

‘कसे आहात?’ ‘मस्त.’ ‘बीपीची गोळी?’ ‘घेतली.’ ‘जेवलात?’ ‘हो.’ झालं! दोन मिनिटांत आईबाबांचं डेली रिपोर्टिंग संपतं आणि परदेशातला मुलगा निश्चिंत मनाने मीटिंगला लागतो. पण या रिपोर्टमध्ये गाळलेलं काय असतं?

ते शोधायला मी नंदनवनमध्ये फिरले. इथे १९८४ पासून केडीके इंजिनीअरिंग कॉलेज आहे. पोरगा इंजिनीअर झाला की पुणे, मग बंगळुरू, मग अमेरिका, हा रूट इथल्या घराघरांत पाठ आहे. अशाच एका घरातले काका पावसाळ्यात जिन्यावरून घसरले. आठवडाभर पलंगावर होते. न्यूजर्सीला ही ब्रेकिंग न्यूज अजून पोचलेली नाही! ‘सांगून काय होते? तो तिकडे काम सोडून टेन्शन घेत बसन,’ काका म्हणाले. ‘अन् तू नाव नको छापू बाप्पा, त्याला कळून जाईल.’

काकूंची गोष्ट वेगळीच. मुलगा सकाळी आठला ऑफिसला निघताना गाडीतून फोन करतो. उन्हाळ्यात तेव्हा आपल्याकडे साडेपाच वाजतात. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतली घड्याळं बदलली की साडेसहा. नेमकी भजनी मंडळाची वेळ! ‘मी फोन नाही उचलला तर पोट्टं घाबरून राहते,’ म्हणत काकूंनी हिवाळ्यात मंडळात जाणंच सोडलं. मार्चमध्ये वेळ पुन्हा मोकळी झाली, पण तोवर जायची इच्छा उरली नव्हती. म्हणजे बघा, मुलगा अगदी गुणी, रोज फोन करणारा. पण दहा मिनिटांच्या त्या फोनपायी आईच्या गल्लीतल्या चार मैत्रिणी सुटल्या.

आकडे काय म्हणतात?

२०१७-१८ च्या ‘लासी’ या देशव्यापी पाहणीत साठीपुढच्या ८.३ टक्के लोकांमध्ये गंभीर नैराश्याची शक्यता दिसली. निदान झालेले होते फक्त ०.८ टक्के. म्हणजे दहातल्या नऊ जणांचं दुखणं ‘वय झालं आता’ या फाइलमध्येच बंद! शिवाय या वयातलं नैराश्य रडून सांगत नाही. झोप उडते, जेवण कमी होतं, अंग दुखतं, विसरायला होतं. व्हिडिओ कॉलवर यातलं काही दिसत नाही, कारण कॉलच्या आधी काकू केस विंचरून, साडी बदलून बसतात.

मग करायचं काय?

- फोनची वेळ आईबाबांना ठरवू द्या. न्यूजर्सीतल्या शुक्रवारी रात्री नऊला हिवाळ्यात इथे शनिवारची सकाळ, साडेसात. चहा, निवांतपणा, भजन शाबूत!
- ‘जेवलात का?’ऐवजी ‘आज कुणाशी बोललात?’ विचारा. सलग चार दिवस ‘कुणाशीच नाही’ आलं, तर कान टवकारा.
- शेजारच्या एका घराचा नंबर ठेवा आणि गरज नसतानाही त्यांना अधूनमधून फोन करा.
- ऑफिसचं टेन्शन, बिघडलेली भाजी, तुमचंही सांगा. तुम्ही ‘मस्त’ म्हणत राहिलात तर तेही ‘मस्त’च म्हणणार.
- उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली तर डॉक्टर गाठा. ‘टेली मानस’ची मोफत हेल्पलाइन (१४४१६) चोवीस तास चालते, ज्येष्ठांसाठी ‘एल्डरलाइन’ (१४५६७) आहे. दोन्ही नंबर त्यांच्या मोबाइलमध्ये आजच सेव्ह करून द्या.

आणि तुम्ही पुण्यात किंवा मुंबईतच आहात म्हणून हे पान उलटणार असाल, तर थांबा. नंदनवनला तुमचाही फोन दोन मिनिटांचाच असतो ना?