मद्यार्कातील शेवटचे पाणी

मद्यार्क हा रासायनिक उद्योगातील एक प्रमुख विद्रावक होय. त्याचा उत्कलनबिंदू ७८.४° सें., पाण्याचा १००°. तेव्हा ऊर्ध्वपातनाने दोन्ही सहज वेगळी व्हावीत, असे आपणांस वाटेल. परंतु मद्यार्काचे प्रमाण वजनी ९५.६ टक्के झाले, की वाफेतही तेच प्रमाण राहते. उरलेले पाणी हटत नाही. १९०२ साली सिडनी यंग यांनी बेंझीन मिसळून ते वेगळे काढले. पण बेंझीन अस्थिमज्जेस घातक. त्यामुळे रक्ताचा कर्करोगही होऊ शकतो. पाणी जाई, कामगाराच्या वाट्यास विष येई.

आता हे काम झिओलाइटची ‘रेणु-चाळणी’ करते. तिची छिद्रे सुमारे ३ आंगस्ट्रॉम, म्हणजे मिलिमीटरच्या ३ कोट्यांश, रुंद असतात. पाण्याचा रेणू त्यांत शिरतो. मद्यार्काचा मोठा रेणू बाहेरच राहतो. तापवून कोरडी केलेली चाळणी पुन्हा कामास येते.