बिडाचे भांडे आणि काचेचे अस्तर

हिवाळा आला की जबलपूरच्या भाजीबाजारात हिरव्यागार मटाराच्या राशी पडू लागतात. हा मटार म्हणजे जिल्ह्याचे भूषणच. ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ या योजनेत जबलपूरच्या नावापुढे त्याचीच नोंद आहे. अशा एखाद्या दिवशी घरात मटाराची उसळ, ताकाची कढी आणि आटीव दूध असा बेत ठरला, तर गृहिणीपुढे पहिला प्रश्न उभा राहतो, तो भांड्याचा. पितळी पातेल्याची कल्हई उडाली असेल तर आंबट पदार्थ कळकतो. बिडाच्या काळ्या कढईत ताक घातले तर त्याला लोखंडाची चव येते. ॲल्युमिनियमच्या पातळ पातेल्यात दूध बुडाला लागते. या तिन्ही अडचणींवर एक उपाय अलीकडे आपल्या बाजारात दिसू लागला आहे. तो म्हणजे काचेचा मुलामा दिलेले बिडाचे भांडे.

वाचकहो, लोखंड ही जबलपूरला काही परकी वस्तू नव्हे. या प्रदेशाच्या पूर्वेस मंडला-डिंडोरीच्या डोंगराळ मुलुखात अगरिया लोक पिढ्यान्‌पिढ्या मातीच्या भट्टीत लोखंड गाळीत आले. व्हेरिअर एल्विन यांनी १९४२ साली त्यांच्यावर एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. लोहासुर, कोयलासुर आणि अग्यासुर, म्हणजे लोखंड, कोळसा आणि अग्नी, ही त्यांची दैवते. त्यांच्या भट्टीतील लोखंड वितळून वाहत नसे. त्याचा मऊ गोळा निघे आणि तो घणाने ठोकून घडवावा लागे. बिडाची गोष्ट निराळी. त्यात दोन ते चार टक्के कार्बन असल्यामुळे ते तुलनेने लवकर वितळते आणि वाळूच्या साच्यात ओतता येते. जबलपुरात १९०४ साली तोफगाड्यांचा कारखाना सुरू झाला, १९६९ साली लष्करी वाहनांचा निघाला, आणि त्या वाहनांना लागणारे सुटे भाग ओतण्यासाठी १९७२ साली ग्रे आयर्न फाउंड्री उभी राहिली. तेथील करडे बीड आणि आपल्या तव्याचे बीड ही एकाच कुळातील होत.

अशा ओतीव भांड्यावर काचेच्या भुकटीचा लेप देऊन ते सुमारे ८०० अंश सेल्सिअस उष्णतेत भाजले की काच वितळून बिडाला घट्ट चिकटते. फ्रान्समध्ये एक ओतकाम जाणणारा आणि एक मुलामा जाणणारा असे दोघे कारागीर एकत्र आले आणि त्यांनी १९२५ साली ‘ल क्रूझे’ हा कारखाना काढला. तेव्हापासून या भांड्यांची कीर्ती जगभर पसरली. बिडातून उष्णता ॲल्युमिनियमच्या सुमारे चौथ्या हिश्शाच्या वेगाने पसरते. पण भांडे जाड व जड असल्याने एकदा तापले की ते ऊब सोडीत नाही. हाच या भांड्याचा मुख्य गुण, आणि वापरणाराने ध्यानात ठेवावयाची गोष्टही हीच.

आता आपला बेत पाहू. कढीसाठी दोन वाट्या आंबट दही, एक मोठा चमचा बेसन आणि चार वाट्या पाणी एकत्र घुसळून भांड्यात घालावे व मंद आचेवर ढवळीत राहावे. येथे आंच एकाएकी चढत नाही, त्यामुळे कढी फुटण्याचे भय कमी. आणि काचेमुळे आंबटाचा लोखंडाशी संबंध येत नाही. तेच चिंचगुळाच्या आमटीचे व टोमॅटोच्या साराचे. मटाराची उसळ फोडणीला टाकून झाकण ठेवावे. जड झाकणाखाली वाफ कोंडली जाऊन दाणे थोड्याच पाण्यात शिजतात. याच भागात पिकणाऱ्या कोदोचा मसालेभातही करून पाहावा. एक वाटी कोदो धुऊन अर्धा तास भिजवावेत, फोडणीत परतून अडीच वाट्या गरम पाणी घालावे, झाकण लावून मंद आचेवर पंधरा मिनिटे ठेवावे आणि विस्तव बंद केल्यावर आणखी दहा मिनिटे झाकण काढू नये. दूध आटवावयाचे असेल तर लाकडी उलथन्याने तळ खरवडीत राहावे. जबलपूरची खव्याची जिलेबी ज्यांनी खाल्ली आहे, त्यांना चांगल्या खव्याचे मोल सांगावयास नको!

मात्र हे भांडे काही पथ्ये मागते. रिकामे तापवू नये. तापलेल्या भांड्यावर थंड पाणी ओतू नये. काच आणि लोखंड सारख्या प्रमाणात आकसत नाहीत, म्हणून मुलाम्याला तडा जातो. धातूचा झारा आणि तारेची घासणी दूर ठेवावी. आतील मुलाम्याचा टवका उडाला तर त्यात अन्न शिजवू नये. मोठे भांडे चार-पाच किलो भरते, म्हणून ते दोन्ही हातांनीच उचलावे.

शेवटी एक महत्त्वाची गोष्ट. नवे भांडे आणले म्हणून आजीची काळी कढई भंगारात देऊ नका. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार आपल्या देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या अंगी रक्त कमी आहे. ज्या लोखंडी चवीला आपण नाक मुरडतो, ती थोडे लोह अन्नात उतरल्याची खूण असते. इथिओपियात लोखंडी भांड्यांत शिजवलेले अन्न खाणाऱ्या बालकांचे हिमोग्लोबिन ॲल्युमिनियमच्या भांड्यांतील अन्न खाणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसून आले. काचेचे अस्तर हे लोह अडवून धरते. रक्तक्षयावर औषधोपचार वैद्यांच्या सल्ल्यानेच व्हावयास हवा. कढई ही त्याची जागा घेऊ शकत नाही. पण रोजची पालेभाजी बिडाच्या कढईत परतावी आणि शिजताच दुसऱ्या भांड्यात काढून ठेवावी, हे तर प्रत्येक घराला जमण्यासारखे आहे.

तेव्हा कढी, आमटी आणि दूध नव्या भांड्यात; भाजी आणि भाकरी जुन्या बिडावर. चुलीपाशी दोघांनाही जागा असू द्या. घरात सर्वांना वाढून मग शेवटी जेवावयास बसणारीच्या ताटाचा विचार कोणी करीत नसेल, तर तो निदान त्या काळ्या कढईने करावा.