दीड रुपयाचा हिशेब

सकाळी 6.30
सोलापूरच्या लक्ष्मी मंडईत मी मुद्दाम लवकर जाते. मेथीच्या जुड्या अजून ओल्या असतात आणि भाजीवाल्या मावशींना दोन शब्द बोलायला सवड असते. आज त्या सिगारेटच्या पाकिटाच्या पाठीवर बेरीज मांडून बसल्या होत्या. वांगी, दोडका, कोथिंबीर. खाली अडत, हमाली, टेम्पोतला वाटा, भुईभाडं. भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची, असं महाराष्ट्रात 2016 साली ठरलं. शेतकऱ्याच्या दृष्टीनं ते बरोबरच झालं. पण मार्केट यार्डातला खरेदीदार म्हटल्यावर बडा व्यापारी डोळ्यांपुढे येतो. पहाटे चारला उठून पन्नास किलो माल उचलणाऱ्या या मावशीही तिथं खरेदीदारच असतात. ताज्या भाजीला जीएसटी नाही, तरी वांगं टोपलीत पडेपर्यंत मावशींचे चार ठिकाणी पैसे देऊन झालेले असतात.

"पावती कशाकशाची मिळती?" मी विचारलं.

"भुईभाड्याची. बाकीचं तोंडी असतंय की वो."

सकाळी 9.30
ऑफिस नव्या पेठेतल्या एका माडीवर. मी कर सल्लागार आहे. आज 20 जानेवारी, दरमहा जीएसटी विवरणपत्र भरणाऱ्यांची शेवटची तारीख. तिमाहीवाल्यांना 22 पर्यंत मुदत आहे, त्यामुळे ते आज फोन उचलणार नाहीत.

सकाळी 11.00
टॉवेल-चादरींचे दुकानदार अण्णा आले. संक्रांत झाली, गड्ड्याची जत्रा अजून चालू आहे आणि त्यांच्या दुकानासमोर फूटपाथवर टॉवेलचे तीन ठेले लागलेत. खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाले, "मॅडम, आम्ही टॅक्स भरून मरायचं आणि यांनी बिनटॅक्स विकायचं. हा कुठला न्याय?"

हे वाक्य मी आजवर इतक्यांदा ऐकलंय, की आज कागद पुढे ओढला आणि त्यांच्यासमोरच मांडणी केली. कारखान्यातून टॉवेल निघतो 100 रुपयांना, त्यावर 5 टक्के, म्हणजे 105. अण्णा तो 130 ला विकतात, वर साडेसहा रुपये कर घेतात. त्यातून आधी भरलेले 5 वजा जाऊन सरकारकडे भरायचा राहतो दीड रुपया. ठेलेवालाही तोच टॉवेल 105 लाच आणतो. नोंदणी नसल्यानं त्याला ते 5 रुपये वजा करून घेता येत नाहीत. ते त्याच्या भावातच मुरतात. म्हणजे एका टॉवेलमागे अण्णा आणि ठेलेवाला यांच्या करात फरक पडतो तो दीड रुपयाचा.

अण्णा कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "त्यो बिलानं माल आणतो कशावरून?"

प्रश्न खरा आहे. बिनबिलाचा माल फिरतो, तेव्हा ते 5 रुपयेही बुडतात. पण बिल न फाडण्याचा निर्णय ठेलेवाल्याचा नसतो. तो माल विकणाऱ्याचा असतो आणि त्याला फूटपाथवर शोधून काय उपयोग? आणखी एक गोष्ट मी अण्णांना सांगितली. मालाच्या धंद्यात वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या आत असेल, तर नोंदणीची सक्ती सहसा नसते. गाळा असो की गाडा, मर्यादा एकच.

अण्णांचं खरं दुखणं वेगळं आहे. गाळ्याचं भाडं, दोन पोरांचा पगार, लाइटबिल, आणि शटरच्या तोंडाशी लागलेला ठेला, ज्याच्यामुळे गिऱ्हाईक पायरी चढत नाही. या तक्रारीत तथ्य आहे आणि ती याच शब्दांत मांडली पाहिजे. कराच्या नावानं ती मांडली की ठेलेवाला चोर ठरतो आणि अण्णांची पायरी मात्र मोकळी होत नाही.

दुपारी 1.30
कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. फोन बंद.

दुपारी 3.00
टॉवेलचा एक ठेलेवाला आणि वड्याचा गाडीवाला असे दोघं मिळून आले. ठेलेवाल्याचे पाहुणे विजापूरकडचे. गेल्या वर्षी, जुलै 2025 मध्ये, कर्नाटकात यूपीआयवर जमा झालेल्या रकमा बघून छोट्या विक्रेत्यांना नोटिसा निघाल्या, भाजीवाल्यालाही निघाली. तिथं कैकांनी क्यूआर कोड काढून टाकले, बंद पुकारला. शेवटी सरकारनं नमतं घेतलं. पण ती धास्ती सीमा ओलांडून इकडं आली, ती अजून गेलेली नाही.

"आपण बी क्यूआरची पाटी काढून टाकू का मॅडम?"

नको म्हटलं. त्याला 40 लाखांचा अर्थ रोजात करून दाखवला. वर्षाचे सगळे दिवस धरले तर दिवसाला सरासरी अकरा हजारांची विक्री. तो हसला. "गड्ड्यात एखाद्या दिवशी हुतंय तेवढं. एरवी कुठलं?" घाबरायचं कारण नाही, फक्त घरचे पैसे आणि धंद्याचे पैसे एकाच खात्यात नकोत, आणि माल घेतल्याचं बिल फेकायचं नाही. बहिणीनं पाठवलेले पैसेही उद्या कुणाला विक्री वाटू शकतात.

वडेवाल्याचं तसं नव्हतं. शिजवून देण्याच्या धंद्याला मर्यादा 20 लाखांची, म्हणजे दिवसाला साडेपाच हजार. त्याची गाडी ते सहज ओलांडते, हे त्याच्या खात्यावरूनच दिसत होतं. त्याला मी स्पष्ट सांगितलं, नोंदणी करा, कंपोझिशन योजनेत 5 टक्के भरा. त्याचं तोंड उतरलं. पण त्याच चौकातला खाणावळवाला कर भरत असेल, तर यानंही भरायलाच हवा. गरिबाची बाजू घ्यायची म्हणून कमावणाऱ्या गाडीवर पांघरूण घालणं मला पटत नाही.

संध्याकाळी 5.30
ठेलेवाला मागे थांबला होता. पिशवीतून कागद काढले. त्याला पथविक्रेत्यांसाठीच्या पीएम स्वनिधी योजनेचं कर्ज हवंय, आता पहिला हप्ता 15 हजारांचा मिळतो. सध्या तो शेकडा पाच रुपये महिन्यानं उचललेल्या दहा हजारांवर दरमहा 500 व्याज भरतो, मुद्दल तसंच. वर्षाचे 6,000. दीड रुपयाच्या हिशेबानं तेवढा कर व्हायला 4,000 टॉवेल विकायला लागतील. त्याच्या धंद्यातला सगळ्यात जड कर हा सावकाराचा आहे आणि तो कुठल्याही विवरणपत्रात दिसत नाही.

"पालिकेनं माल उचलला तर?" त्यानं जाता जाता विचारलं. 2014 च्या पथविक्रेता कायद्यात त्याचं उत्तर आहे. उचललेल्या मालाची सही केलेली यादी मिळायला हवी. नाशवंत माल मागणी केल्याच्या दिवशीच परत, बाकीचा दोन कामकाजाच्या दिवसांत. हे मी त्याला मोठ्या अक्षरात लिहून दिलं. कागद घडी करून त्यानं पैशांच्या कप्प्यात ठेवला.

संध्याकाळी 7.30
गड्डा भरतो त्या होम मैदानावर पाच मिनिटं. पाळण्यांचा गोंगाट, भगरीच्या खिरीसारखी दाट गर्दी. इथं प्रत्येक दुकानाला जागा मोजून दिलेली आणि जाण्यायेण्याची वाट मोकळी. वर्षातले हे दिवस सोलापूर शहर रस्त्यावरच्या विक्रीला शिस्तीत बसवतं. मग उरलेले महिने का नाही?

रात्री 9.00
शेवटचं विवरणपत्र गेलं. अण्णा दुकान वाढवून परत वर आले. मीच त्यांना बोलावलं होतं. पथविक्रेता कायद्यानंच नगर पथविक्रेता समिती ठरवलीय. महापालिका आयुक्त अध्यक्ष, किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले, त्यांतल्या एक तृतीयांश महिला. व्यापारी संघटनेलाही तिथं जागा आहे. म्हणून समितीच्या नावे अर्ज लिहायला बसलो. पहिली मागणी, प्रत्येक गाळ्याच्या दारापुढं चार फूट मोकळे, तशी पट्टी आखून द्यावी. दुसरी, भुईभाड्याचा दर फलकावर लावावा, पावतीशिवाय कुणी पैसे मागू नयेत. तिसरी, त्या पैशांतून चौकात दिवा, पाणी आणि बायकांसाठी स्वच्छतागृह व्हावं, आणि आज बसणाऱ्या विक्रेत्यांना तिथंच विक्रीचं प्रमाणपत्र मिळावं.

पहिल्या दोहोंवर अण्णांनी मान डोलावली. तिसरीतलं "तिथंच" खोडा म्हणाले. मी खोडलं नाही. त्यांनी सही केली नाही. उद्या अकराला ते परत येणार आहेत, आणि ठेलेवाल्यालाही मी त्याच वेळी बोलावलंय.