मुरूम लागला, पण पाया पक्का झाला का?

घराचा पाया किती खोल घ्यायचा, हे महाराष्ट्रात बहुधा खोदणाराच ठरवतो. माती संपून मुरूम लागला की जमीन भक्कम मानली जाते. मुरूम म्हणजे झिजलेला बेसाल्ट. साधे घर तो सहसा पेलतो. पण बेसाल्ट सगळीकडे सारखा झिजत नाही. कांद्याच्या पापुद्र्यांसारखा दगड बाहेरून सुटत जातो आणि मधला गोटा शाबूत राहतो. खड्ड्यात असा मोठा गोटा लागला की तोच कातळ समजला जातो, खाली मात्र मऊ माती असू शकते. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये कधीकधी लाल मातकट थरही सापडतो आणि भिजल्यावर तो कमकुवत होतो. म्हणूनच दगड लागल्यावरही तपासणीचे बोअर आणखी खाली नेतात आणि एकाच खड्ड्यावर भिस्त ठेवत नाहीत.

‘प्लॉट एनए आहे, म्हणजे जमीन चांगलीच’ हा समज तर निव्वळ कागदी आहे. बिनशेती परवानगी जमिनीच्या वापराबद्दल असते. मातीची भारक्षमता त्यासाठी कोणी मोजलेली नसते.

काळ्या मातीत लोखंड वाढवले की तडे जात नाहीत, असे सांगितले जाते, पण लोखंडाने मातीची हालचाल थांबत नाही. या मातीतले माँटमोरिलोनाइट खनिज पाणी शोषून फुगते आणि वाळले की आक्रसते. इथे घर खचण्याइतकाच ते उचलले जाण्याचाही धोका असतो. त्यामुळे ‘एकमजली घराला कसली तपासणी’ हा युक्तिवाद उलटा पडतो. हलके घर, कुंपणाची भिंत, अंगणातली फरशी यांचे वजन फुगणाऱ्या मातीला दाबून ठेवायला अपुरे पडते, त्यामुळे आधी तडे यांनाच जातात. माती किती फुगते हे पाहण्याची चाचणी अगदी स्वस्त आहे. वाळलेल्या, चाळलेल्या मातीचे प्रत्येकी १० ग्रॅमचे दोन नमुने घेऊन एक पाण्यात, दुसरा रॉकेलमध्ये २४ तास ठेवतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. तिथे ती १० मिलिलिटर भरली आणि पाण्यात १७, तर फुगवटा ७० टक्के. अशा जमिनीत पाया ऋतूनुसार ओल बदलते त्या थराच्या खाली न्यावा लागतो किंवा तळाशी फुगीर केलेले पाइल घ्यावे लागतात.

उतारावरच्या जागेत सर्वात महागात पडणारा समज म्हणजे सपाटी केली की उतार संपला. डोंगराची बाजू कापून निघालेली माती पुढच्या अंगाला ढकलली जाते आणि घर अर्धे कापलेल्या पक्क्या जमिनीवर, अर्धे भरावावर उभे राहते. भराव पुढची कित्येक वर्षे बसत राहतो, मागची बाजू तसूभरही हलत नाही. भिंतींत तिरप्या भेगा पडतात त्या इथून. शिवाय कापामुळे वरच्या उताराचा पायाच काढून घेतलेला असतो आणि भरावाने खालच्या उतारावर नवे वजन चढवलेले असते. एकाच कामात दोन्ही उतार बिघडतात.

मग संरक्षक भिंत बांधली जाते. मातीचा दाब पेलेल अशी भिंत बांधता येते, पण मागे पाणी तुंबले की दाब खूपच वाढतो. पाणी निघायला भिंतीला छिद्रे, त्यांच्यामागे खडीचा थर आणि डोक्यावर पाणी वळवणारा चर हवा. खर्च वाचवताना नेमका हाच भाग गाळला जातो. वर शोषखड्डा खोदणे म्हणजे उताराला आपणहून पाणी पाजणे.

दाट झाडी असलेला उतार सुरक्षित, हेही अर्धेच खरे. मुळे वरचा काही फुटांचा थर धरून ठेवतात. घसरण त्याखालच्या थरातून झाली तर झाडांसकट माती खाली येते. एकाच दिशेला बुंध्याशी वाकलेली झाडे, कललेले विजेचे खांब, उतारावर चंद्रकोरीच्या आकाराच्या भेगा, नव्याने फुटलेला किंवा अचानक गढूळ झालेला झरा ही जमीन सरकत असल्याची लक्षणे असू शकतात. ती आपल्या हद्दीबाहेर, वरच्या अंगालाही शोधावी लागतात.

पिढ्यानपिढ्या काही झाले नाही, यावर विसंबण्यासारखा पुरावा माळीण (२०१४) आणि तळीये (२०२१) या दरडीखाली गेलेल्या गावांनी शिल्लक ठेवलेला नाही. यादीत नाव नाही म्हणून निर्धास्त राहण्यातही अर्थ नाही. २०२३ मध्ये दरडीखाली गेलेली इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत नव्हती. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे दरडप्रवणतेचे नकाशे उपयोगी आहेत, पण ते १:५०,००० प्रमाणाचे, म्हणजे नकाशावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर अर्धा किलोमीटर. दोन गुंठ्यांचा प्लॉट त्यात ठिपक्याएवढाही दिसत नाही.

जागा पाहायला उन्हाळा बरा, असे बहुतेकांना वाटते. मे महिन्यात बोअर घेतले तर भूजल सर्वात खाली आणि माती सर्वात कडक असते. तिचे आकडे जमिनीची उत्तम बाजू दाखवतात. तपासणी उन्हाळ्यातच करायची झाली, तर अहवालात भिजलेल्या अवस्थेतली ताकद मागून घ्यावी आणि ऑगस्टमध्ये एकदा पाणी कुठून येते, कुठे मुरते ते जागेवर जाऊन पाहावे.